रोग गरिबांचे, संशोधन कोणाच्या पैशाने?

(पुणे येथील शनिवार पेठेत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शनिवार पेठ म्हटली की ओंकारेश्वर, शनिवारवाडा आणि नदीकडे उतरत जाणारे जुने बोळ डोळ्यांपुढे उभे राहतात. १८९७ च्या मार्च महिन्यात पुण्याच्या अशाच पेठांतून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर फिरत होत्या. प्लेगचा रोगी कोठे लपविला आहे काय, हे पाहण्यासाठी त्या थेट माजघरात आणि देवघरात शिरत. रोगी सापडला की त्याची रवानगी रुग्णालयात आणि घरच्या माणसांची रवानगी विलगीकरणाच्या छावणीत होई. कपडालत्ता, अंथरूण-पांघरूण जाळले जाई. या जुलमाविषयीच्या संतापाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेल्या गोळीबारात झाले. हा इतिहास शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. सैनिकांना घरात पाठविण्याचा हुकूम ज्यांनी काढला, त्यांना प्लेग कसा पसरतो हेच माहीत नव्हते. रोग घाणीत आहे, हवेत आहे, कपड्यांत आहे, असे नाना तर्क त्या वेळी प्रचलित होते. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, एवढे शहाणपण लोकांनी अनुभवाने मिळविले होते. परंतु उंदीर आणि माणूस यांमधला दुवा कोणता, हे ना लोकांना उमगले होते, ना त्यांच्यावर अंमल करणाऱ्यांना. रोगी उचलून नेला, घरच्यांना छावणीत टाकले, सामानाची होळी केली, आणि भिंतींच्या बिळांतून उंदीर तसेच राहिले. अपमान सोसूनही पेठा प्लेगमुक्त झाल्या नाहीत, याचे कारण या अज्ञानात होते.

हे अज्ञान दूर झाले ते मुंबईत, परळ येथे. डॉ. वाल्देमार हाफकिन यांना सरकारने १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा खोलीत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. जागा अपुरी पडू लागली तेव्हा आगाखान यांनी आपली वास्तू दिली, आणि पुढे १८९९ मध्ये परळचे जुने राजभवनच सरकारने प्रयोगशाळेसाठी मोकळे करून दिले. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९०५ पासून याच ठिकाणी शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने सरकारी खर्चाने जे प्रयोग केले, ते ग्रामीण शाळेतील विद्यार्थ्यालाही सहज समजतील इतके साधे होते. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे ठेवण्यात आले. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी वाचले. बारीक जाळी लावून पिसवा अडविल्या तेव्हाही प्राणी वाचले. हवा तीच, खोली तीच. अंतर पडले ते पिसवांमुळे. उंदरावरील पिसूच हा रोग माणसापर्यंत आणते, हे अशा रीतीने निःसंशय सिद्ध झाले. त्यानंतर प्लेगविरुद्धच्या उपायांचा रोख रोग्याच्या देवघराकडून उंदराच्या बिळाकडे वळला. हेच ज्ञान दहा वर्षे आधी हाती असते तर पुण्याच्या पेठांतील कितीतरी घरांवर तो प्रसंग आला नसता.

या घटनेचा एक धागा पुढे फार दूरवर गेला. देशातील वैद्यकीय संशोधनाला नियमित पैसा मिळावा म्हणून १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली, आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी भरली ती मुंबईच्या या प्लेग प्रयोगशाळेतच. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, याच संस्थेचे रूपांतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत झाले. सरकारी तिजोरीतून आरोग्य संशोधनावर होणाऱ्या खर्चाची आपल्या देशातील परंपरा ही अशी एका साथीतून जन्मास आली आहे.

आता प्रश्न असा की, संशोधनासाठी सरकारने पैसा का द्यावा? औषधे आणि लसी तयार करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडे कुशल माणसे आहेत, यंत्रसामग्री आहे. हा प्रश्न पंचायत समितीच्या बैठकीतही अधूनमधून विचारला जातो, आणि तो गैर नाही. त्याचे उत्तर एका रोगाच्या कहाणीतून जितके स्पष्ट होते तितके ते तत्त्वचर्चेतून होत नाही. हा रोग म्हणजे आपल्या कोकणात ‘माकडताप’ या नावाने ओळखला जाणारा ताप होय.

१९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डास, गोचीड यांसारख्या कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्याची मोहीम त्या प्रतिष्ठानाने हाती घेतली होती, आणि पुणे हे त्यातील एक ठाणे होते. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून एक विचित्र बातमी आली. जंगलात वानरे आणि माकडे मरून पडत होती, आणि जंगलालगतच्या गावांतील माणसांना तीव्र ताप येत होता. आशियात कधीही न आलेला पीतज्वर तर हा नव्हे, अशी प्रथम शंका आली. पुण्याहून पथक गेले, मेलेल्या माकडांचे आणि रोग्यांचे नमुने आणले गेले, आणि निष्पन्न झाले ते वेगळेच. हा विषाणू जगाला पूर्णपणे नवा होता. तो गोचिडीमार्फत पसरत होता. क्यासनूर नावाच्या जंगलावरून रोगाला नाव मिळाले.

त्याचे जवळचे नाते रशियातील एका मेंदूज्वराशी निघाले. तेव्हा त्या रोगावरील तयार लस आणून शिमोग्याच्या गावांत देऊन पाहण्यात आली. ती उपयोगी पडली नाही. परदेशात एका रोगासाठी झालेले काम येथील रोगाला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, हे या प्रयोगाने दाखविले. अखेर पुण्याच्या केंद्रातच, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवून आणि तो निष्क्रिय करून, वेगळी लस विकसित करावी लागली.

या रोगाचे आकडे आता पाहावेत. दरसाल सुमारे चारशे ते पाचशे माणसांना हा ताप येतो, आणि त्यांपैकी शंभरी तीन ते पाच दगावतात. हे रोगी कोण असतात? पाला गोळा करणारे, लाकूडफाटा आणणारे, गुरे चारणारे, काजूच्या बागेत मजुरी करणारे. एका कंपनीच्या हिशेबनिसाने हे आकडे मांडले तर त्याचे उत्तर ठरलेले आहे. ग्राहक थोडे, त्यांच्याजवळ पैसा नाही, आणि लस तयार करण्याचा खर्च मात्र कोट्यवधी रुपयांचा. त्या हिशेबात काही अप्रामाणिकपणा नाही. धंद्याचा तो नियमच आहे. म्हणूनच शोध १९५७ मध्ये लागूनही या रोगावर कोणी खासगी उद्योजक आपण होऊन धावून आला नाही. जे काही झाले ते सार्वजनिक पैशातून.

येथे १९६७ या सालाचा विशेष उल्लेख करावयास हवा. त्या साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने पुण्याच्या केंद्राला देत असलेले साहाय्य काढून घेतले. प्रतिष्ठानाचे अग्रक्रम बदलले की असे घडतेच. देणगीदाराला कायमचे बांधून ठेवता येत नाही. केंद्र त्या दिवशी बंद पडले असते तर आश्चर्य वाटले नसते. तसे घडले नाही, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याचा संपूर्ण भार उचलला. १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला, आणि २०१२ मध्ये पाषाण येथे तिची अत्युच्च सुरक्षा श्रेणीची प्रयोगशाळा उभी राहिली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला ग्रासले तेव्हा आणि ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच आढळले तेव्हा, नमुने तपासण्यासाठी परदेशाकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली नाही. कोरोनाचा विषाणू याच संस्थेत वेगळा काढण्यात आला आणि त्यापासून देशी लस तयार झाली. साथ नसलेल्या वर्षांत, कोणाचे लक्ष नसताना, गोचिडी मोजणाऱ्या आणि नळ्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार पाच दशके नियमाने दिले गेले, म्हणून हे शक्य झाले. अंदाजपत्रकावर चर्चा करताना असा खर्च निरुपयोगी भासतो, हीच त्याची अडचण आहे.

अर्थात सरकारी पैसा दिला की सारे सुरळीत होते, असा समज करून घेणे भाबडेपणाचे होईल. माकडतापाची तीच लस कर्नाटकात १९९० पासून मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. सुरुवातीच्या पाहणीत दोन मात्रा घेतलेल्यांना तिचे संरक्षण नव्वद टक्क्यांहून अधिक आढळले. परंतु २००५ ते २०१० या काळातील पाहणीत दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्क्यांवर आलेली दिसली. लस तीच राहिली, तयार करण्याची पद्धत जुनीच राहिली, आणि अखेर २०२२ मध्ये ती देणे थांबविण्यात आले. एकदा लस निघाली म्हणजे काम संपले, अशी समजूत झाली की सार्वजनिक संशोधनही असे निजते. दरम्यान रोग स्वस्थ बसला नव्हता. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात तो अवतरला. ज्या रोगाला साठ वर्षे दूरच्या जंगलातील रोग म्हणून पाहिले गेले, तो महाराष्ट्राच्या काजूबागांत आला. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हैदराबाद येथील एका लस-उत्पादक संस्थेच्या सहकार्याने नवी लस तयार करीत आहे.

जगाच्या पातळीवरही चित्र फारसे निराळे नाही. आरोग्य संशोधनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० मध्ये आपला अहवाल सादर केला. अकाली मृत्यूंचा बहुतांश भार विकसनशील देश सोसतात, आणि जगातील आरोग्य संशोधनाच्या खर्चापैकी त्यांच्या प्रश्नांवर होणारा खर्च मात्र नगण्य असतो, असे आयोगास दिसून आले. प्रत्येक विकसनशील देशाने आपल्या राष्ट्रीय आरोग्य खर्चाच्या निदान दोन टक्के रक्कम संशोधनासाठी द्यावी, आणि श्रीमंत देशांनी आरोग्यासाठी दिलेल्या साहाय्यातील पाच टक्के भाग त्याच कामी लावावा, अशी शिफारस त्याने केली. या दोन शिफारशींपैकी पहिली अधिक महत्त्वाची होती, हे आज पटते. अमेरिकेची आंतरराष्ट्रीय विकास साहाय्य संस्था २०२५ च्या जुलैमध्ये बंद करण्यात आली. ब्रिटनने त्याच वर्षी आपले परदेशी साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे जाहीर केले. आफ्रिका आणि आशिया खंडांतील कित्येक प्रयोगशाळांपुढे १९६७ मध्ये पुण्याच्या केंद्रापुढे होती तशीच परिस्थिती उभी राहिली. फरक इतकाच की, भार उचलणारी परिषद प्रत्येक देशाजवळ नाही.

परदेशी पैसा त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातीलच एका स्त्रीला प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत नेमावयाचे. तिने घरोघर जाऊन नवजात बालकाचे वजन करावयाचे, त्याला ऊब मिळते की नाही हे पाहावयाचे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखावयाची आणि वेळप्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावयाचे. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने येथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या प्रयोगाच्या खर्चात परदेशी प्रतिष्ठानांचा मोठा वाटा होता. तरीही तो प्रश्न परदेशातून आलेला नव्हता. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत मूल का मरते, हा गडचिरोलीच्या आयांचा प्रश्न होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत ही पद्धत पडताळून पाहिली, आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत ती देशभर लागू केली. प्रयोगाला बाहेरचा पैसा मिळू शकतो. त्याचे रूपांतर कायमच्या व्यवस्थेत करण्याचे सामर्थ्य मात्र शासनाजवळच असते.

प्रश्न कोणी विचारला यास किती महत्त्व आहे, हे पुण्याच्याच दुसऱ्या एका कामातून दिसते. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या ज्वराची प्रचंड साथ आली. अडीच लक्ष लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांच्या वर मृत्युमुखी पडले. ‘अ’ प्रकारच्या या जंतूवर टिकाऊ लस तयार करण्यात कोणत्याही मोठ्या कंपनीस रस नव्हता, कारण हा जंतू श्रीमंत देशांतून जवळजवळ नाहीसा झालेला होता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानाच्या सात कोटी डॉलर अर्थसाहाय्यावर या लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांनी सांगितले की, लसीची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा अधिक असेल तर ती आम्हांस परवडणार नाही. किंमत आधी ठरली आणि लस नंतर तयार झाली. अमेरिकी शासनाच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी सार्वजनिक खर्चाने शोधलेली पद्धत पुण्यातील हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटला देण्यात आली, आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो या देशात लसीकरणास आरंभ झाला. तीस कोटींहून अधिक लोकांना ती देण्यात आली असून त्या पट्ट्यातून ‘अ’ प्रकारच्या जंतूची साथ हद्दपार झाली आहे. कंपनीचे कारखाने आणि सार्वजनिक पैसा यांचा मेळ बसला, तो गरजेचा हिशेब आधी मांडला गेल्यामुळे.

आपल्याकडील हिशेब कसा आहे? केंद्र शासनात आरोग्य संशोधनासाठी स्वतंत्र विभाग २००७ मध्ये स्थापन झाला. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ९९,८५० कोटी रुपयांपैकी ३,९०० कोटी रुपये या विभागासाठी दाखविण्यात आले. केंद्राच्या हिशेबापुरते हे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर आहे. परंतु आरोग्यावरील सरकारी खर्चाचा मोठा भाग राज्ये करतात, आणि राज्यांच्या अंदाजपत्रकांत संशोधन हे शीर्ष शोधावेच लागते. जिल्हा परिषदेच्या हिशेबात तर ते सापडण्याचा प्रश्नच नाही. सिंधुदुर्गात माकडताप आला तेव्हा रक्ताचे नमुने मणिपाल आणि पुणे येथे पाठवावे लागले. घाट उतरून-चढून जाणाऱ्या त्या नमुन्यांबरोबर रोग्याचे दिवसही जात.

या कामी गावाने करावयाचे असे काही आहे काय, असे ग्रामपंचायत सदस्य विचारतील. आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. जंगलात माकड मरून पडले तर ते जनावर हातांनी न हलविता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास आणि वन कर्मचाऱ्यांस कळविले पाहिजे; १९५७ चा शोध मेलेल्या माकडांच्या बातमीवरूनच लागला होता. जन्म-मृत्यूची नोंदवही खरी ठेवली पाहिजे. जन्मून चार तासांत गेलेल्या मुलाची नोंद ‘मृत जन्म’ म्हणून केली, किंवा केलीच नाही, तर त्या गावाचा बालमृत्युदर कागदावर उत्तम दिसतो आणि त्या गावासाठी कोणी काही शोधत नाही. रक्ताचे नमुने घेण्यास पथक आले तर ते कशासाठी, निष्कर्ष गावाला केव्हा सांगणार, हे विचारण्याचा ग्रामसभेस हक्क आहे, आणि पथकाने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. न सांगता घरात शिरलेल्या आरोग्य मोहिमेचे काय होते, ते या पेठांनी १८९७ मध्ये पाहिले आहे. शिक्षकांना गिनीपिगांच्या पिंजऱ्यांचा प्रयोग फळ्यावर चार रेषांत काढून दाखविता येईल.

दोडामार्गात काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिलांचा हंगाम एकाच वेळी येतो. आरोग्य कर्मचारी कीटकरोधक तेल वाटतात. सकाळी बागेत जाणारी मजूर स्त्री ते हातापायांना चोळते, पाल्यावर बसण्याचे टाळते, आणि सायंकाळी परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाकते. नवी लस अद्याप तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही.